एकाच बटणावर अनेक दिवे : बिनतारी फ्लॅशची ओळख



२०१६ च्या दिवाळी कार्यक्रमातली गोष्ट. फराळ झाल्यावर सगळ्या पाहुण्या आजी-आजोबांचा एक ग्रुप फोटो काढायचं ठरलं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली ज्येष्ठ मंडळी खुर्च्यांवर, मागे त्यांची मुलं-सुना-जावई, पुढे सतरंजीवर नातवंडं. मी मोठ्या उत्साहाने दोन बाजूंना दोन फ्लॅश स्टँडवर लावून तयार होतो. पण माझ्याशेजारी आणखी दोन-तीन काकांनी आपापले कॅमेरे काढले. त्यांचा छोटा फ्लॅश उडाला की माझे दोन्ही दिवेही उडायचे, आणि मी बटण दाबेपर्यंत ते रिकामे झालेले असायचे. सात फोटो काढले. सातही अर्धवट अंधारे.

पुढच्या वर्षी त्यातले एक आजोबा गेल्याची बातमी आली. इथल्या सगळ्या नातवंडांबरोबरचा त्यांचा तो एकच फोटो होता. त्यांच्या मुलीने तो मागितला, तेव्हा संगणकावर ओढून-ताणून उजळलेला, दाणे-दाणे दिसणारा फोटो द्यावा लागला. चूक कॅमेऱ्याची नव्हती आणि काकांची तर नव्हतीच. माझे दिवे कोणाचं ऐकतात हे मला नीट माहीत नव्हतं, एवढंच. त्यानंतर हा विषय मुळापासून समजून घेतला. मंडळाच्या कार्यक्रमात, मुंजीत, बारशाला किंवा घरच्या गणपतीत फोटो काढणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडेल म्हणून त्याचं सार इथे देत आहे.

दिवा कॅमेऱ्यापासून दूर का न्यायचा?

कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशच्या दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे प्रकाश समोरून सरळ पडतो, त्यामुळे चेहरे सपाट दिसतात आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. दुसरी अडचण शाळेत शिकलेल्या व्यस्त वर्गाच्या नियमाची. अंतर दुप्पट झालं की प्रकाश एक चतुर्थांश होतो.

ग्रुप फोटोत पहिली रांग फ्लॅशपासून २ मीटरवर आणि शेवटची ४ मीटरवर असेल, तर शेवटच्या रांगेला पहिलीच्या फक्त पाव प्रकाश मिळतो. छायाचित्रणाच्या भाषेत हा दोन स्टॉपचा फरक. म्हणजे पुढची मुलं पांढरी फटक आणि मागचे बाबा लोक अंधारात. आता तोच फ्लॅश पहिल्या रांगेपासून ६ मीटर आणि शेवटच्या रांगेपासून ८ मीटर अंतरावर ठेवा. शेवटच्या रांगेला पहिलीच्या साधारण ५६ टक्के प्रकाश मिळतो. फरक एका स्टॉपपेक्षाही कमी, आणि तो डोळ्याला खुपत नाही.

म्हणून दिवा दूर हवा, उंच हवा, आणि शक्यतो एकापेक्षा जास्त हवेत. पण दिवा दूर गेला की त्याला निरोप पोचवायचा कसा, हा प्रश्न उभा राहतो.

निरोपातले तीन प्रश्न : कधी, कोणी, किती

बाजारात डझनावारी यंत्रं आहेत आणि त्यांची माहितीपत्रकं वाचून डोकं गरगरतं. पण कुठल्याही बिनतारी यंत्रणेला तीनच प्रश्न विचारायचे.

पहिला, कधी पेटायचं? दुसरा, कोणी पेटायचं? तिसरा, किती पेटायचं?

काही यंत्रणा फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात, काही दोन प्रश्नांची, काही तिन्हींची. आपली यंत्रणा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही हे कळलं, की तिथे आपल्याला हाताने काय करावं लागेल तेही कळतं. माझ्या दिवाळीच्या फसलेल्या फोटोत यंत्रणा 'कधी'चं उत्तर देत होती, पण 'कोणाच्या सांगण्यावरून' हे तिला समजत नव्हतं.

निरोप पोचवण्याचे चार मार्ग

१. वायर. कॅमेऱ्यापासून फ्लॅशपर्यंत तार. पूर्वापार चालत आलेली, खात्रीची आणि स्वस्त. स्टुडिओत ठीक, पण मुलं पळत असलेल्या हॉलमध्ये कोणीतरी अडखळून पडणारच.

२. प्रकाश पाहणारा डोळा. फ्लॅशमध्ये एक संवेदक असतो. आजूबाजूला दुसरा फ्लॅश चमकला की तो लगेच आपलाही दिवा पेटवतो. ह्याला ऑप्टिकल स्लेव्ह म्हणतात. उत्तर फक्त 'कधी'चं, आणि तेही कोणाचाही फ्लॅश पाहून. आजचे बहुतेक कॅमेरे स्वयंचलित मोजमापासाठी खऱ्या फ्लॅशआधी एक बारीक पूर्वचमक सोडतात. साधा डोळा त्या पूर्वचमकेलाच फसतो आणि दिवा आधीच उडून जातो. म्हणून अनेक फ्लॅशवर एस१ आणि एस२ असे दोन पर्याय असतात. एस१ पहिल्या चमकेला पेटतो. एस२ पूर्वचमक सोडून देऊन पुढच्या चमकेला पेटतो. घरात एकटेच फोटो काढत असाल तर हा मार्ग चालतो. जिथे दुसरा कोणी फ्लॅश वापरणार असेल तिथे मुळीच नको.

३. प्रकाशातून सांकेतिक आज्ञा. इथे मुख्य फ्लॅश अतिशय जलद चमकांची मालिका सोडतो. त्या चमकांत चॅनेल, ग्रुप आणि प्रकाशाचं प्रमाण असा पूर्ण संदेश दडलेला असतो. टीव्हीच्या रिमोटचाच हा भाऊबंद. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिनोल्टाने ही कल्पना आणली. कॅननने १९९८ मध्ये ५५०ईएक्स फ्लॅशबरोबर आपली पद्धत आणली, तर निकॉनने २००३ मध्ये एसबी-८०० बरोबर क्रिएटिव्ह लायटिंग सिस्टिम. पुढे निकॉनच्या डी७० (२००४) आणि कॅननच्या ७डी (२००९) या कॅमेऱ्यांचा अंगचा छोटा फ्लॅशच दूरच्या फ्लॅशला आज्ञा देऊ लागला.

ह्यात तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. पण प्रकाश कोपऱ्यावरून वळत नाही. फ्लॅशचा संवेदक कॅमेऱ्याच्या दिशेने नसेल, मध्ये खांब आला किंवा कोणी उभं राहिलं, तर निरोप पोचत नाही. घरात भिंतींवरून परावर्तन होऊन काम भागतं. जुलैच्या उन्हातल्या पिकनिकला मात्र पल्ला फारच कमी होतो. आणखी एक गंमत म्हणजे आज्ञेच्या चमका पाहून काही जणांचे डोळे मिटतात आणि नेमका तोच क्षण फोटोत येतो! त्यावर उपाय आहे. निकॉनमध्ये एफव्ही लॉक आणि कॅननमध्ये एफईएल या सोयीने मोजमापाची चमक आधीच उरकून घ्यायची, मग दोन सेकंद थांबून फोटो काढायचा. आज्ञेची चमक तरीही सुटते, पण ती एकूण कमी होते.

४. रेडिओ. कॅमेऱ्यावर ट्रान्समीटर, प्रत्येक फ्लॅशखाली किंवा फ्लॅशच्या आतच रिसीव्हर. निरोप भिंतीपलीकडेही जातो, ऊन असो वा सावली. सुरुवातीची यंत्रं फक्त 'कधी'चं उत्तर देत. पॉकेटविझार्ड हे त्यातलं गाजलेलं नाव. कॅननने २०१२ मध्ये ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशमध्येच रेडिओ बसवला : पाच ग्रुप, १५ फ्लॅश, ३० मीटरपर्यंत पल्ला. निकॉनचा एसबी-५००० हा रेडिओ फ्लॅश २०१६ मध्ये आला : सहा ग्रुप, १८ फ्लॅश. दरम्यान योंगनुओ आणि गोडॉक्स या चिनी कंपन्यांनी रेडिओ असलेले फ्लॅश इतक्या कमी किमतीत आणले की आपल्यासारख्या हौशी मंडळींच्याही आवाक्यात तीन-तीन दिवे आले. आज नवीन सुरुवात करणाऱ्याने रेडिओच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

देश बदलला की लहरी बदलतात

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे विशेष माहीत हवं, कारण आपण अमेरिकेतून लंडनला, लंडनहून पुण्याला सामान नेत-आणत असतो.

जुने पॉकेटविझार्ड अमेरिकेत ३४४ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि युरोपात ४३३ मेगाहर्ट्झवर चालत. दिसायला दोन्ही सारखे, नाव एकच, पण एकमेकांशी बोलणार नाहीत. इंग्लंडमधल्या नातेवाइकाने दिलेला रिसीव्हर न्यू जर्सीतल्या ट्रान्समीटरला दाद देणार नाही. शिवाय कुठल्या लहरी विनापरवाना वापरता येतात हे प्रत्येक देशाचं सरकार ठरवतं. म्हणून जुना सेट विकत घेताना खालच्या चिठ्ठीवरची फ्रीक्वेन्सी आधी वाचावी.

आजची बहुतेक यंत्रं २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा अमेरिका आणि युरोपात खुला आहे, आणि भारतातही तो परवानामुक्त आहे. म्हणून भाच्याच्या मुंजीला नेलेला सेट तिकडेही चालतो. पण वायफाय आणि ब्लूटूथही ह्याच पट्ट्यात असतात. शिवाय ह्या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, आणि माणसाच्या शरीरातलं पाणी त्या बऱ्यापैकी शोषून घेतं. रिकाम्या हॉलमध्ये चाचणी उत्तम होते आणि तीनशे माणसं, तीनशे फोन आत आले की एखादा फ्लॅश अधूनमधून रुसतो, त्याचं कारण हे. उपाय सोपा आहे. रिसीव्हर गर्दीच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवायचा आणि चॅनेल बदलून पाहायचा. काही ट्रान्समीटरमध्ये मोकळा चॅनेल शोधून देण्याची सोयही असते.

कोणी : चॅनेल, आयडी आणि ग्रुप

ह्या तीन शब्दांचा नेहमी गोंधळ होतो. सोपं उदाहरण घेऊ. चॅनेल म्हणजे इमारत. दुसऱ्या इमारतीतली हाक आपल्याला ऐकू येत नाही. आयडी म्हणजे दारावरचं कुलूप. इमारत एकच असली तरी शेजाऱ्याची किल्ली आपल्याला लागत नाही. आणि ग्रुप म्हणजे घरातल्या खोल्या, म्हणजे कुठल्या दिव्यांना एकत्र आज्ञा द्यायची ते.

प्रकाशातून आज्ञा देणाऱ्या निकॉन आणि कॅननच्या पद्धतीत चारच चॅनेल होते. गोडॉक्सच्या रेडिओ पद्धतीत ३२ चॅनेल आणि त्यावर १ ते ९९ आयडी मिळतात. त्यामुळे एकाच हॉलमध्ये तीन छायाचित्रकार असले तरी एकमेकांचे दिवे उडत नाहीत. पण कारखान्यातून सगळी यंत्रं बहुधा एकाच चॅनेलवर लावलेली येतात! त्यामुळे कार्यक्रमाच्या आधी इतर फोटोवाल्यांना भेटून "मी अकरा नंबरवर आहे, तुम्ही?" एवढं विचारून घ्या. २०१६ मध्ये माझ्याकडे रेडिओ असता आणि हे एक वाक्य मी विचारलं असतं, तर तो फोटो आला असता.

ग्रुपसाठी एक सवय लावून घ्या आणि ती कधी मोडू नका. माझ्याकडे डावा दिवा नेहमी ए, उजवा बी, मागचा सी. फ्लॅशवर रंगीत टेप लावून अक्षर लिहिलेलं आहे. घाईच्या वेळी डोक्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवावा.

कधी : शटर आणि फ्लॅशची वेळ जुळवणं

बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा बंद होतो. एका ठरावीक वेगापर्यंत मधला काही क्षण संपूर्ण संवेदक उघडा असतो. फ्लॅश त्याच क्षणी पेटायला हवा. ही मर्यादा बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंद असते, तिला सिंक स्पीड म्हणतात. त्यापेक्षा जलद शटर ठेवलं तर पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघालेला असतो, आणि फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. रेडिओ यंत्र संदेश तयार करण्यात आणि वाचण्यात थोडा वेळ खातं, म्हणून काळा पट्टा दिसल्यास १/१६० वर उतरावं.

उन्हात मोठं छिद्र ठेवून फोटो काढायचा असेल तर जलद शटर लागतंच. तिथे हाय-स्पीड सिंक कामाला येतं. फ्लॅश एकदाच न चमकता, पडद्यांमधली फट पुढे सरकत असताना सूक्ष्म चमकांची मालिका सोडतो. पण त्यात प्रकाशाची ताकद बरीच कमी होते. आणि कॅमेरा, ट्रान्समीटर, फ्लॅश तिघांनाही ही भाषा यावी लागते.

किती : थोडा हिशेब

इंजिनिअर असल्यामुळे हा माझा आवडता भाग! फ्लॅशच्या माहितीपत्रकात गाइड नंबर असतो. त्याला अंतराने भागलं की छिद्राचा आकडा मिळतो. समजा ३५ मिमीच्या झूमवर, आयएसओ १०० ला, मीटरमध्ये गाइड नंबर ३६ आहे. ६ मीटरवरच्या रांगेसाठी ३६ भागिले ६, म्हणजे एफ/६ च्या आसपास. आयएसओ ८०० केला की तीन स्टॉप वाढले, म्हणजे साधारण एफ/१६. पांढऱ्या छत्रीतून प्रकाश मऊ केला तर ढोबळमानाने दोन स्टॉप कमी होतात, उरलं एफ/८. आपल्याला ग्रुपसाठी एफ/५.६ पुरतं, म्हणजे एक स्टॉप वाचला आणि फ्लॅश अर्ध्या ताकदीवर. दोन्ही बाजूंचे दोन दिवे मध्ये एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येकी पाव ताकद.

झाली सुरुवात : आयएसओ ८००, एफ/५.६, १/१२५ सेकंद, ए आणि बी दोन्ही १/४ वर. एक चाचणी फोटो काढायचा आणि पडद्यावर पाहून अर्धा-एक स्टॉप कमी-जास्त करायचा. फ्लॅशवरची ताकद १/१, १/२, १/४ अशी १/१२८ पर्यंत निम्म्या-निम्म्याने उतरते. पाव ताकदीचा आणखी एक फायदा म्हणजे फ्लॅश पुन्हा लवकर भरतो आणि लागोपाठ चार-पाच फोटो निघतात. ग्रुप फोटोत कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असतातच, तेव्हा हे महत्त्वाचं.

मग टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः 'किती' ठरवणं, वापरायचं की नाही? धावत्या प्रसंगात, जिथे अंतर सारखं बदलतं, तिथे ते उपयोगी. वरातीत, हळदीकुंकवात अवश्य वापरा. पण ग्रुप फोटोत पुढच्या रांगेत तीन पांढरे झब्बे आले की कॅमेऱ्याला वाटतं प्रकाश फार झाला, आणि तो दिवे मंद करतो. काळे सूट आले की उलट. माणसं आणि दिवे दोन्ही जागच्या जागी असतील तर हाताने ठरवलेली ताकद कधीही बरी. दहाही फोटो सारखे येतात.

घरच्या गणपतीचं उदाहरण

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की समईचा उजेड नाहीसा होतो, चांदीचा मुकुट चमकून पांढरा होतो आणि आरास दुकानातल्यासारखी दिसते. इथे एक सूत्र लक्षात ठेवा. फ्लॅशच्या प्रकाशावर शटरच्या वेगाचा परिणाम होत नाही, समईच्या प्रकाशावर होतो. छिद्राचा परिणाम दोन्हींवर होतो. कारण फ्लॅश अगदी क्षणभर चमकतो. उदाहरणार्थ, निकॉन एसबी-८०० पूर्ण ताकदीवर सुमारे १/१०५० सेकंद आणि १/१२८ वर सुमारे १/४१,६०० सेकंद चमकत असे. शटर त्यानंतर कितीही वेळ उघडं राहो, फ्लॅशचं काम झालेलं असतं.

म्हणून आधी दोन्ही फ्लॅश बंद ठेवून, ट्रायपॉडवर कॅमेरा लावून, समईचा उजेड छान दिसेल असं शटर शोधा. आयएसओ ४००, एफ/४ आणि १/१५ सेकंदापासून सुरुवात करून पाहा. मग ए दिवा बाजूच्या भिंतीवर मारून १/६४ वर सुरू करा, मूर्तीचा चेहरा उजळेल एवढाच. सी दिवा मखराच्या मागे लपवून १/१२८ वर, म्हणजे मुकुटाची आणि सोंडेची कड उठून दिसेल. ज्योतीचा रंग पिवळट-नारिंगी, सुमारे १९०० केल्व्हिन. फ्लॅशचा पांढरा, सुमारे ५५०० केल्व्हिन. दोघांचं जमत नाही. फ्लॅशवर सीटीओ नावाचा नारिंगी पारदर्शक कागद लावला की तो ३२०० केल्व्हिनच्या जवळपास येतो आणि फोटोत एकच ऊब दिसते. हॉलमध्ये पिवळे दिवे असतील तेव्हाही हाच कागद वापरावा.

रंगमंचाबद्दल एक विनंती. नाटक, भरतनाट्यम किंवा गाण्याच्या बैठकीच्या वेळी फ्लॅश वापरू नका. कलाकाराची लय तुटते आणि प्रेक्षकांचाही विरस होतो. तिथे रंगमंचाचाच प्रकाश पुरेसा मानावा. आपले दिवे कार्यक्रम संपल्यावर, कलाकारांच्या ग्रुप फोटोसाठी.

एलईडी दिव्यांचं काय?

आता फोनमधल्या अॅपवरून ब्लूटूथने चालणारे एलईडी दिवे सर्रास मिळतात. त्यांची ताकद आणि रंग दोन्ही फोनवरून बदलता येतात. शिवाय प्रकाश सतत असल्यामुळे परिणाम आधीच दिसतो. व्हिडिओसाठी ते हवेतच. पण फ्लॅश क्षणभरात जेवढा प्रकाश ओततो, तेवढा हातात मावणारा एलईडी देऊ शकत नाही. चाळीस माणसांच्या ग्रुप फोटोला किंवा उड्या मारणाऱ्या मुलांना फ्लॅशच बरा. मूर्ती, रांगोळी, फराळाचं ताट अशा न हलणाऱ्या गोष्टींना एलईडी उत्तम.

फ्लॅश पेटत नाही? क्रमाने तपासा

१. चॅनेल आणि आयडी दोन्हीकडे एकच आहे ना?
२. त्या ग्रुपचा दिवा ट्रान्समीटरवर बंद करून ठेवलेला नाही ना?
३. फ्लॅश रेडिओ मोडमध्ये आहे की चुकून एस१-एस२ मध्ये?
४. कॅमेऱ्याचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर चालू आहे का? बहुतेक कॅमेऱ्यांत त्या वेळी फ्लॅश पेटतच नाही.
५. ट्रान्समीटर खाचेत शेवटपर्यंत सरकवून घट्ट केला आहे का?
६. फ्लॅश झोपी गेला आहे का? बॅटरी वाचवण्यासाठी काही मिनिटांनी तो आपोआप बंद होतो. ही सोय कार्यक्रमापुरती बंद करा.
७. फ्लॅश कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आहे का? काही रेडिओ यंत्रं हाताच्या अंतरावर बिचकतात. त्यांना जवळच्या पल्ल्याचा वेगळा पर्याय असतो.
८. कॅमेऱ्याच्या खाचेत मधली पिन आहे का? कॅननच्या २०१९ च्या ईओएस २५०डी मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या रेबेल एसएल३ मध्ये, ती नाही. तिथे एका पिनेवर चालणारे साधे ट्रिगर उपयोगाचे नाहीत.

विकत घेताना आणि वापरताना

ट्रान्समीटर आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीचा बघून घ्यावा, कारण खाचेतल्या बाकीच्या पिनांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. सुरुवातीला एक ट्रान्समीटर, अंगात रेडिओ असलेले दोन फ्लॅश, दोन स्टँड आणि दोन पांढऱ्या छत्र्या एवढं पुष्कळ झालं. सगळं एकाच कंपनीच्या पद्धतीचं घ्या, म्हणजे पुढे तिसरा दिवा सहज जोडता येतो.

बाबांचा जुना फ्लॅश कपाटातून काढून थेट डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नका. काही जुन्या फ्लॅशच्या पायाशी दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब असतो आणि कॅमेऱ्यातली नाजूक इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. मल्टिमीटरने मोजून, रिसीव्हरची मर्यादा पाहून, मगच रिसीव्हरवर लावा.

एए आकाराच्या रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या चांगल्या. त्या फ्लॅशला साध्या अल्कलाइनपेक्षा लवकर भरतात. लिथियम बॅटरीचे फ्लॅश असतील तर विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या केबिनमधल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात, तीही टोकं झाकून. १०० वॉट-अवरपर्यंत एअरलाइनची वेगळी परवानगी लागत नाही. फ्लॅशच्या बॅटऱ्या सहसा याच्या बऱ्याच आत असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की आकडा मिळतो. ११.१ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे २२.२ वॉट-अवर.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्टँडच्या पायावर वजन ठेवा. आपल्या कार्यक्रमात मुलं पळणारच. छत्री लावलेला स्टँड धक्क्याने सहज कोसळतो. वाळूची पिशवी नसेल तर दहा पौंडांची तांदळाची पिशवी छान काम देते, आणि कार्यक्रम संपल्यावर भातही होतो!

जाता जाता

हे सगळं वाचून अवघड वाटलं तर एवढंच करा. एका शनिवारी घरच्यांना सोफ्यावर बसवा, दोन दिवे लावा. आधी फक्त ए पेटवून फोटो काढा, मग फक्त बी, मग दोन्ही. तीन फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहिले की कुठला दिवा काय करतो ते कळतं. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र लोक यायच्या अर्धा तास आधी पोचून रिकाम्या खुर्च्यांचा एक फोटो काढा आणि हॉल भरल्यावर पुन्हा एक.

आजी-आजोबांचा व्हिसा सहा महिन्यांचा असतो. ते परत कधी येतील, येतील का, कोणी सांगावं? सगळे एका जागी, एका ओळीत बसले आहेत अशी ती पाच मिनिटं पुन्हा मिळत नाहीत. गेल्या दिवाळीत असाच ग्रुप फोटो काढायची वेळ आली. दोन दिवे, रेडिओ, चॅनेल अकरा. शेजारच्या काकांनी त्यांचा कॅमेरा काढला, त्यांचा फ्लॅश उडाला, आणि माझे दोन्ही दिवे शांत उभे राहिले. मग मी बटण दाबलं.

त्या फोटोच्या बावीस प्रती छापून घेतल्या. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाबरोबर वाटल्या.